उघड्या खिडक्यांचा हिशेब

संगणकाच्या पडद्याच्या तळाशी एक अरुंद पट्टी असते. तिला टास्कबार म्हणतात. आपण जे जे उघडतो, त्याचे एकेक बटन तिच्यावर येऊन बसते. घराच्या उंबरठ्याकडे जसे कुणी मुद्दाम पाहत नाही, तसे या पट्टीकडेही पाहत नाही. पण उंबऱ्याशी चपलांची गर्दी दिसली की आत पाहुणे किती आहेत याचा अंदाज येतो. टास्कबारचेही तसेच आहे. माणसाने किती कामे अर्धवट उघडून ठेवली आहेत, हे त्या पट्टीवरून समजते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र हाती असल्यामुळे शाळेतले संगणकाचे काम हळूहळू आमच्या गळ्यात आले. आम्हीही ते हौसेने घेतले. आमच्या पडद्यावर एका वेळी काय काय उघडे असते ते सांगतो. यू-डायसची माहिती, पगारबिले, पोषण आहाराचा हिशेब, इनपेजमध्ये लिहिलेली उर्दूची प्रश्नपत्रिका, मराठीतून पाठवायचा अहवाल, वर्गाचा निकाल, दोन-तीन शासन निर्णय, कुणाच्या तरी दाखल्याची स्कॅन केलेली प्रत आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी आमचा स्वतःचा अर्धा लिहिलेला लेख. वीस-बावीस खिडक्या सहज होतात.

इतक्या खिडक्या एका ओळीत मावत नाहीत. बटने आखडत जातात. त्यांच्यावरची नावे तुटतात आणि सहावीची प्रश्नपत्रिका कोणती, सातवीची कोणती हे ओळखू येईनासे होते. ही अडचण काही आमची एकट्याची नव्हे. टास्कबार पहिल्यांदा आला तो 1995 साली, विंडोज 95 बरोबर. तेव्हा प्रत्येक खिडकीला स्वतंत्र बटन होते. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीने गर्दीवर तोडगा काढला. जागा कमी पडली की एकाच प्रकारच्या खिडक्या एका बटनाखाली गोळा करायच्या. 2009 च्या विंडोज 7 ने हाच नियम केला आणि नावेही काढून टाकून नुसती चिन्हे ठेवली. ज्याला हे नको होते त्याला तो नियम बदलता येत असे. 2021 साली विंडोज 11 आले तेव्हा ती सवलतही काढून घेतली गेली. पट्टी बाजूला सरकवता येईना आणि बटने सुटी करता येईनात. लोकांनी बरीच तक्रार केली, तेव्हा 2023 मध्ये बटने सुटी ठेवण्याची सोय परत आली. इतक्या साध्या पट्टीसाठी जगभरचे लोक इतकी वर्षे का भांडत राहिले, याचे आम्हांला आता नवल वाटत नाही. आपली उघडी कामे डोळ्यांसमोर राहावीत, ही माणसाची जुनीच इच्छा आहे.

शाळेत तेव्हा विंडोज 7 चा संगणक होता. आम्ही एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो आणि त्या पट्टीला आपल्या मनासारखे केले. आधी तिचे कुलूप काढले. माऊसने तिची कड वर ओढून तिला दोन ओळींची केली. चिन्हे लहान केली. बटने कधीच एकत्र करू नयेत, असे सेटिंगमध्ये सांगितले. तरीही नावे पुरती दिसेनात, म्हणून सगळी पट्टी उचलून पडद्याच्या उजव्या कडेला उभी केली. उभ्या पट्टीत नावे एकाखाली एक येतात, वहीतल्या यादीसारखी. उजवी कड निवडली, कारण उर्दू लिहिणाऱ्याची नजर उजवीकडूनच सुरू होते. सोमवारी मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, "मियाँ, ये परदे को क्या हो गया?" आम्ही समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली. सहकारी शिक्षकांनी कौतुक केले. आता कितीही खिडक्या उघडा, सगळ्या दिसतील, सगळ्या मावतील, असे आम्हांला वाटले. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्या मनात थोडा अभिमानही होता.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

2019 चा पावसाळा. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाला होता. तिचे वडील हातगाडीवर केळी विकतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी दोन दिवसांचा धंदा बुडवून तहसीलला चकरा मारल्या होत्या. आता फक्त शाळेने अर्ज तपासून पुढे पाठवायचा होता. दहा मिनिटांचे काम. आम्ही अर्ज उघडला. एका कागदावरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरातले नाव यांत एका अक्षराचा फरक दिसला. रजिस्टर पाहून मग पाठवू, असे म्हणून आम्ही ती खिडकी खाली ठेवली. उजवीकडच्या पट्टीत तिचे बटन जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "सर, मेरा फॉर्म भेजे क्या?" आम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "हाँ बेटा, खुला है, आज भेजता हूँ." आम्ही खोटे बोललो नव्हतो. अर्ज खरोखरच उघडा होता आणि त्याचे बटन समोर दिसत होते. मुलगी गेली. वरून माहिती मागवणारा फोन आला. मग दुसरा आला. मग कुणाची तरी निवृत्तीची कागदपत्रे आली. दोन दिवसांनी मुलगी पुन्हा आली, दारातूनच डोकावली आणि आम्ही कामात आहोत असे पाहून परत गेली.

शेवटची तारीख गेली त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही त्या बटनावर क्लिक केले. खिडकी वर आली. अर्ज जसाच्या तसा दिसत होता. पण पुढे पाठवण्याचे बटन दाबताच आपली वेळ संपली आहे, पुन्हा लॉगिन करा, असा संदेश आला. पुन्हा लॉगिन केले तर मुदतच संपलेली होती. जी खिडकी आम्ही इतके दिवस उघडी समजत होतो, ती आतून केव्हाच बंद पडली होती.

मुलीचे वडील आले. आम्ही त्यांना म्हणालो की सर्व्हर डाउन होता. ते म्हणाले, "जाने दो सर, आप भी अकेले कितना देखेंगे." आणि जाताना त्यांनी टेबलावर सहा केळी ठेवली.

ती केळी आम्हांला घरी नेता आली नाहीत आणि टाकूनही देता आली नाहीत. शेवटी शिपायाला दिली.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. आमचा गुन्हा नेमका कोणता? सर्व्हरचे खोटे सांगितले हा तर उघडच आहे. त्याला काही सबब नाही. पण त्याच्या आधीचे काय? भूल माफ असते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रोजेदाराने भुलून पाणी प्यायले तर रोजा तुटत नाही. मग आमचीही ती भूलच होती का? मनाशी प्रामाणिक राहून पाहिले, तर तसे म्हणता येत नाही. विसरण्यासाठी वस्तू नजरेआड व्हावी लागते. आमच्या तर ती रोज नजरेसमोर होती. तिच्यासाठी आम्ही खास जागा केली होती. आम्ही ती विसरलो नाही. आम्ही फक्त असे समजून चाललो की जे उघडे आहे ते होतच आहे. बटन दिसत होते, म्हणून मन निश्चिंत होते. कागद फायलीत हरवला असता तर कदाचित शोधला असता. पट्टीने आमची आठवण जपली आणि काळजी मात्र मारून टाकली.

बी.एड.ला मानसशास्त्रात 'अवधान कक्षा' नावाचा एक प्रयोग होता. टॅचिस्टोस्कोप नावाच्या यंत्रातून एका क्षणापुरते ठिपके दाखवायचे आणि किती दिसले ते विचारायचे. आम्ही तो जर्नलमध्ये व्यवस्थित लिहिला, आकृती काढली, गुण मिळवले. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली मांडले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन कमी किंवा दोन जास्त, ध्यानात धरू शकतो. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे यंत्राची पट्टी रुंद होत गेली, पण मनाची पट्टी होती तेवढीच राहिली. 2009 साली सोफी लेरॉय या संशोधिकेने दाखवले की एक काम अर्धे सोडून दुसऱ्याकडे वळले की पहिल्याचा काही अंश मनात मागे उरतो आणि दुसऱ्या कामालाही पुरते मन मिळत नाही. हे कळायला खरे तर प्रयोगशाळा लागत नाही. जोहरच्या नमाजला उभे राहावे आणि तिसऱ्या रकातीत पगारबिलाचा आकडा आठवावा, हा अनुभव कुणाला नाही?

इथे एक आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो. आमचे अब्बा मालेगावात पॉवरलूमवर कारीगर होते. एकटे चार माग सांभाळत. आम्ही डबा घेऊन जायचो तेव्हा पाहायचो. चारही माग धडधडत असत आणि अब्बा त्यांच्या मधल्या अरुंद वाटेने फिरत असत. कुठे कांडी संपली, कुठे तार तुटली, हे त्यांना वळून न पाहता कळायचे. मग एका वेळी अनेक कामे करणे वाईट कसे? एक कारीगर चार माग चालवू शकतो, तर एका शिक्षकाने वीस खिडक्या का चालवू नयेत?

पुष्कळ दिवस आम्हांला याचे उत्तर सापडले नाही. मग एकदा अब्बांनाच विचारले. ते म्हणाले, "बेटा, लूम बिगडता है तो बोलता है." एवढेच. विचार केला तेव्हा त्यातला अर्थ कळला. बाणा तुटला की माग थांबतो किंवा त्याचा आवाज बदलतो. तो कारीगराला हाक मारतो. शिवाय चार माग म्हणजे चार वेगळी कामे नव्हेत, काम एकच, चार ठिकाणी चाललेले. आणि पाचवा माग आपल्याच्याने होणार नाही, हे अब्बांना ठाऊक होते. मालकाने सांगितले तेव्हा त्यांनी हात जोडून नाही म्हटले होते. घरात त्या नकाराची किंमत आम्ही सगळ्यांनी काही दिवस मोजली, हेही आम्हांला आठवते.

आमच्या खिडक्यांपैकी काही बोलतात, काही बोलत नाहीत. एखाद्या खिडकीला आपले लक्ष हवे असले की तिचे बटन नारिंगी रंगात लुकलुकू लागते. वरून माहिती मागवणाऱ्यांचेही असेच असते. ते तीन वेळा फोन करतात, संदेश पाठवतात, नोटिशीची भीती घालतात. त्यांची कामे सतत लुकलुकत असतात आणि म्हणून ती होतात. केळीवाल्याच्या मुलीचे बटन लुकलुकले नाही. ती दारातून डोकावली आणि सर कामात आहेत असे पाहून अदबीने परत गेली. तिच्या अदबीचीच तिला शिक्षा झाली. वीस खिडक्या सारख्याच आकाराच्या बटनांनी एका ओळीत लावल्या म्हणजे न्याय झाला, असे आम्हांला वाटत होते. प्रत्यक्षात ज्याचा आवाज मोठा तोच पुढे जात होता.

इमाम गझाली (रह.) यांचे 1111 साली निधन झाले. त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात नमाजची चर्चा करताना हुजूर-ए-कल्ब, म्हणजे मनाचे हजर असणे, याचा सविस्तर विचार आहे. तिथे त्यांनी एक दृष्टांत दिला आहे. एक माणूस झाडाखाली शांतपणे विचार करायला बसतो. वर चिमण्यांचा कलकलाट. तो काठी घेऊन त्यांना हुसकावतो आणि पुन्हा बसतो. चिमण्या पुन्हा येतात. तो पुन्हा उठतो. अखेर त्याला कुणीतरी सांगते की हे असे कधीच संपायचे नाही, सुटका हवी असेल तर झाडच तोड. चिमण्या म्हणजे मनात येणारे विचार आणि झाड म्हणजे ज्यांच्या फांद्यांवर ते येऊन बसतात त्या वासना.

हा दृष्टांत आठवला की आमचा तो शनिवार डोळ्यांसमोर येतो. पट्टी दोन ओळींची करणे, चिन्हे लहान करणे, उजवीकडे उभी करणे, हे सगळे काय होते? काठीने चिमण्या हुसकावण्याइतकेही ते नव्हते. आम्ही तर चिमण्यांना बसायला आणखी फांद्या करून देत होतो.

याच विषयावर इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये हजरत अबू तलहा अन्सारी (रजि.) यांची हकीकत आहे. ते मदिनेत आपल्या बागेत नमाज पढत होते. एक पाखरू दाट झाडांतून बाहेर पडायला वाट शोधत इकडेतिकडे उडू लागले. ते दृश्य त्यांना आवडले, नजर त्याच्यामागे गेली आणि आपल्या किती रकाती झाल्या हेच त्यांना आठवेना. ते रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेले, घडले ते सांगितले आणि ती सगळी बाग सदका म्हणून देऊन टाकली.

ही हकीकत वाचून आम्ही पुष्कळ वेळ गप्प बसलो होतो. ज्याने मन ओढले ते देऊन टाकायचे, हा किती सरळ हिशेब! पण लगेच दुसरा विचार आला. बाग अबू तलहांची होती, म्हणून ती त्यांना देता आली. आमच्या पडद्यावरची बाग आमची कुठे आहे? जनगणना, निवडणूक, आहार, आकडेवारी या खिडक्या आम्ही उघडत नाही. त्या आमच्यासमोर उघडून ठेवल्या जातात. ज्याला नाही म्हणण्याचा हक्कच नाही, त्याला झाड तोडायला सांगणे हा एक प्रकारचा जुलूमच आहे. एका शिक्षकाकडून वीस जणांचे काम घ्यायचे आणि काही चुकले की त्याच्या एकाग्रतेवर प्रवचन द्यायचे, ही रीत आम्हांला मान्य नाही. माणसाला किती खिडक्या पेलतात हा प्रश्न उघडणाऱ्यांनाही विचारला गेला पाहिजे.

हे सगळे खरे असले तरी त्याच्या आड आम्हांला लपता येत नाही. कारण एकदा आम्ही बसून मोजदाद केली. त्या बावीस खिडक्यांपैकी वरून आलेल्या होत्या नऊ. उरलेल्या तेरा आमच्याच 'हो'मधून जन्मल्या होत्या. शेजारच्या शाळेचे पत्रक टाइप करून देतो, हो. जमातीच्या जलशाची निमंत्रणपत्रिका, हो. अमक्याच्या जावयाचा बायोडाटा, हो. प्रत्येक 'हो' म्हणताना आम्हांला बरे वाटत होते. कामाचा माणूस, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस, अशी आमची ख्याती होत होती. गझाली ज्याला झाड म्हणतात, ते आमच्या बाबतीत पैशाचे नव्हते, मानाचे होते. ते मात्र आमच्याच अंगणात होते आणि त्यावर कुऱ्हाड चालवायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आपल्याकडे अमानत म्हटले की दुसऱ्याचे पैसे किंवा दागिने आठवतात. पण कुणी आपले काम आपल्यावर सोपवून निर्धास्त घरी जातो, तीही अमानतच आहे. ती ठेवून घेताना पहिला सवाल असा असायला हवा की हे सांभाळायला आपल्याकडे मन शिल्लक आहे का. मन नसताना जागा आहे म्हणून ठेवून घेणे ही खयानत आहे, मग ती वस्तू आपण कितीही नीट दिसेल अशी ठेवली असली तरी. नाही म्हटले तर समोरचा दुसरीकडे जातो, दुसऱ्याला विचारतो, धावपळ करतो. 'खुला है' म्हटले की तो घरी जाऊन झोपतो. आमच्या त्या एका खऱ्या वाक्याने मुलीची धावपळ थांबवली. आम्ही नाही म्हटले असते तर तिच्या बापाने गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी गाठले असते आणि त्याला घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसला असता.

पुढच्या वर्षी अर्ज निघाले तेव्हा आम्ही त्यांच्या गाडीवर गेलो. गिऱ्हाईक नव्हते. सर्व्हर बंद नव्हता, अर्ज आमच्याकडेच पडून राहिला होता, असे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. केळ्यांवरचे ओले फडके त्यांनी दोनदा नीट केले. मग विचारले, "इस साल की आखरी तारीख कौन सी है?" माफ केले असे ते म्हणाले नाहीत आणि आम्हीही मागून घेतले नाही. तो अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून पाठवला. मागच्या वर्षीचे पैसे त्याने परत आले नाहीत.

आता शाळेत नवा संगणक आहे. पट्टी तळाशीच ठेवली आहे, एका ओळीची. बटने सुटी राहतील एवढे सेटिंग केले आहे, कारण नाव दिसलेले बरे. ओळ भरली की नवे काम घ्यायचे नाही, निदान आमच्या 'हो'चे तरी. असरची नमाज चुकू नये म्हणून शाळेतून निघण्याची आमची वेळ ठरलेली आहे. त्याआधी प्रत्येक बटनावर एकदा जातो. झाले ते बंद करतो. होणार नाही ते ज्याचे असेल त्याला कळवतो आणि बंद करतो. हे कळवणे सर्वांत कठीण जाते. काही लोक नाराज झाले आहेत. आमच्या ख्यातीलाही थोडा धक्का बसला आहे.

आम्ही सुधारलो, असा दावा नाही. हा लेख लिहिताना आठ खिडक्या उघड्या आहेत आणि त्यांतली एक गेल्या गुरुवारपासूनची आहे. ती एका मुलाच्या दाखल्याची आहे. तो आज दोनदा दारातून डोकावून गेला. लेख इथेच थांबवतो आणि त्याला आत बोलावतो.